आवाजाची जागा

यंत्र सुरू केल्यावर तृप्तीला सगळ्यात आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कुणीतरी बारीक, चिरक्या आवाजात विचारलं, "तृप्ती, ऐकू येतंय का?"

ओठ विक्रांतचे हलले होते. आवाज मात्र त्याचा नव्हता.

अठरा वर्षांनी तिच्या कानात माणसाचा शब्द पडत होता. ती रडायला लागली, विक्रांतचेही डोळे भरून आले. डॉक्टर सानिका नेर्लेकरांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. अशा वेळी 'हा माझ्या नवऱ्याचा आवाज नव्हे' असं कोण म्हणणार? तृप्तीने मान हलवली आणि "येतंय" म्हणाली. तिचा स्वतःचा आवाजही तिला शाळकरी मुलीसारखा लागला.

मिरजेजवळ म्हैसाळच्या रस्त्यावर तृप्ती चौगुलेची रोपवाटिका होती. विक्रांत गुरांचा डॉक्टर. लग्न ठरलं तेव्हा तो परभणीला शिकत होता आणि ती मिरजेत, त्यामुळे लग्नाआधीचं सगळं बोलणं फोनवरच झालं. त्याचा आवाज जाड आणि संथ होता; वाक्याच्या मध्येच थांबायची त्याला सवय होती. आपण आधी आवाजाला होकार दिला आणि मग माणसाला, असं तृप्ती मैत्रिणींना सांगायची. लग्नानंतर दोन वर्षांनी तिला मेंदूज्वर झाला. जीव वाचला, पण दोन्ही कान गेले. तेव्हा ती गरोदर होती. मुलगी झाली, तिचं नाव शलाका ठेवलं. शलाकाचं पहिलं रडणं तृप्तीने पाहिलं, ऐकलं नाही. त्या काळी मिळणारं इम्प्लांट तिच्या कानाला चालण्यासारखं नव्हतं. ती ओठ वाचायला शिकली, रोपवाटिका वाढवली, आणि संसार नेटाने केला.

मग प्रकाशावर चालणारं यंत्र आलं.

आपल्या कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी वळत गेलेली एक नळी असते. त्या नळीत प्रत्येक स्वराची जागा ठरलेली असते. दाराजवळ बारीक आवाजांची जागा, आणि शंखाच्या अगदी आतल्या टोकाला जाड आवाजांची. कुठल्या जागेवरचे मज्जातंतू जागे झाले एवढ्यावरून मेंदू ठरवतो, की ही शिट्टी आहे की ढोल. नव्या उपचारात जनुकं बदलून या तंतूंना प्रकाश जाणवेल असं केलं जाई, आणि मग केसाइतकी बारीक एक पट्टी नळीत सरकवली जाई. पट्टीवर शेकडो प्रकाशबिंदू. बाहेरचा आवाज यंत्र स्वरांमध्ये वेगळा करी आणि ज्या स्वराची जी जागा, तिथला बिंदू उजळे. ज्या बिंदूसमोरचे तंतू मेलेले असतील तो बंद ठेवला जाई. मेंदूला बाकीच्यांवर भागवून घेता येतं.

तृप्तीच्या मेंदूनेही भागवून घेतलं. दर महिन्याला पुण्याला जायचं, तिथे सरावाला बसायचं. काही महिन्यांत ती ओठांकडे न बघता बोलणं समजू लागली. गिऱ्हाइकाशी फोनवर बोलू लागली. आणि घरात तिला शलाकाचा आवाज मिळाला. सतरा वर्षांच्या लेकीचा आवाज तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, आणि तो अगदी नाजूक, किणकिणणारा होता. ती येईल-जाईल त्याला सांगे, की आमच्या शलाकाचा आवाज चिमणीसारखा आहे. ऐकणारे हसत आणि गप्प बसत. शलाका मात्र लाजून आत पळे.

विक्रांतचा आवाज तेवढा जागेवर येईना.

तिने डॉक्टरांना सांगितलं. नेर्लेकर चांगल्या होत्या. त्यांनी टाळाटाळ केली नाही. त्या म्हणाल्या, की इतक्या वर्षांपूर्वीच्या आवाजाच्या आठवणीवर भरवसा ठेवू नये, आठवण आपल्याला आवडेल तशी घडत जाते. मेंदूला वेळ द्या. तृप्तीला ते पटलं. मग तिला स्वतःचीच शंका येऊ लागली. ज्या आवाजावर आपण भाळलो तो मुळात नव्हताच की काय?

विक्रांतला हे कळलं होतं. घरात त्याचा घसा सारखा बसू लागला. तो गरम पाणी प्यायचा, खडीसाखर चघळायचा. शेवटी शलाकानेच एकदा आईला सांगून टाकलं. बाबा गोठ्यात गुरांशी नेहमीसारखे बोलतात, आणि घरात पाऊल टाकलं की आवाज मुद्दाम खाली ओढून, छातीतून काढून बोलतात. तुला पूर्वीसारखं वाटावं म्हणून.

तृप्ती तशीच उठून व्हरांड्यात गेली. विक्रांत बूट काढत होता. तिने त्याच्या छातीवर तळहात ठेवला आणि त्याला बोलायला सांगितलं. ओढून नको, साधंच. बहिरेपणाच्या वर्षांत तिचा तळहात बरंच काही ऐकायला शिकला होता. विक्रांत म्हणाला, आज बेडग गावात एक म्हैस अडली होती. हाताला जो थरथराट लागला तो जाड होता, संथ होता, पूर्वीचाच होता. कानात जे आलं ते बारीक होतं.

"माझी आठवण बरोबर आहे," ती म्हणाली. "चूक कानात आहे. उद्यापासून तू घसा ओढायचा नाहीस."

पुढच्या खेपेला नेर्लेकरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, आणि त्या यंत्र बनवणाऱ्या कंपनीतल्या एका मुलीला घेऊन आल्या. जुलेखा मुजावर तिचं नाव. तिशीची असेल. माहेर कुरुंदवाडचं, त्यामुळे म्हैसाळ म्हटल्यावर तिने लगेच ओळख दाखवली. रुग्णाच्या कानाचा, म्हणजे कुठला बिंदू चालू आणि कुठला बंद याचा, नकाशा यंत्रापर्यंत पोचवणारे प्रोग्रॅम तिची तुकडी सांभाळत होती. तिने तृप्तीला 'आठवतं का' असं विचारलंच नाही. काय ऐकू येतं आणि काय येत नाही, एवढंच विचारत राहिली.

तृप्तीने सांगितलं, की सगळे आवाज वर सरकल्यासारखे वाटतात. आणि काही येतच नाहीत. कुकरची शिट्टी येत नाही. रोपवाटिकेत फुलांवर शिंजीर पक्षी येतात, चोच हललेली दिसते, आवाज नाही. डॉक्टर म्हणाल्या होत्या, की बारीक आवाजांचे तंतू मेले असतील. बहुतेकांचे तेच आधी मरतात.

जुलेखाने तृप्तीच्या कानाचा नकाशा पडद्यावर उघडला आणि बराच वेळ बघत बसली.

"ताई, तुमचं उलटं आहे," ती म्हणाली. "तुमचे मेलेले तंतू सगळे आतल्या टोकाला आहेत. जाड आवाजांच्या जागी. मग बारीक आवाज का जावेत?"

नेर्लेकर पुढे वाकून बघू लागल्या. जुलेखाने नकाशाची प्रत मागून घेतली आणि तृप्तीला सांगितलं, की मी शोधते, पण काही सापडेलच असं वचन देत नाही. तृप्तीला वचन नकोच होतं. तिच्या म्हणण्यावर विश्वास ठेवून कुणीतरी कामाला लागलं, एवढ्यानेच तिला घरी जाताना गाडीत गाढ झोप लागली.

जुलेखाने पुढचे काही दिवस त्या नकाशात घालवले. कानाचा नकाशा एक्सएमएल नावाच्या जुन्या पद्धतीने लिहिलेला असे. या पद्धतीत माहिती झाडासारखी मांडतात. कान हा बुंधा, त्याच्या पोटात शंखाचे वेढे, प्रत्येक वेढ्याच्या पोटात एकामागोमाग एक प्रकाशबिंदू. झाडातल्या अशा प्रत्येक घटकाला नोड म्हणतात. आतल्या टोकापासून दारापर्यंत पट्टीवर बिंदू ज्या क्रमाने असतात त्याच क्रमाने ते नकाशात लिहिलेले असतात. चालू असोत की बंद. एक प्रोग्रॅम हा नकाशा वाचतो, त्यातून यंत्राला समजेल असा दुसरा तक्ता तयार करतो, आणि प्रत्येक बिंदूला सांगतो, तू कितवा.

तिला आधी वाटलं, की ओळी सोडताना राहिलेल्या कोऱ्या जागा नोड म्हणून मोजल्या गेल्या असतील; असं होतं कधीकधी. पण तसं झालेलं नव्हतं. मग तिने बंद बिंदू हाताने चालू करून प्रोग्रॅम पुन्हा चालवला, आणि सगळे आकडे बदलले. तेव्हा तिच्या लक्षात आलं.

ती पुण्याहून बसने मिरजेला आली. हे फोनवर सांगायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. रोपवाटिकेतल्या आंब्याच्या कलमांच्या सावलीत खुर्च्या टाकून चौघं बसली. जुलेखा नोड आणि तक्ते सांगू लागली, तेव्हा विक्रांतने सोपं करून सांगायला सांगितलं.

"लग्नात पंगत बसते ना," जुलेखा म्हणाली. "ओळीने पानं मांडलीत. पहिल्या काही पानांवर कुणी बसलेलंच नाही. मी वाढप्याला सांगितलं, दहाव्या पानावर जिलबी वाढ. तो पानं मोजेल की बसलेली माणसं मोजेल?"

शलाका म्हणाली, पानं मोजायला हवीत.

जुलेखाने सांगितलं, की त्यांच्या प्रोग्रॅमने माणसं मोजली. तो आधी चालू बिंदू तेवढे निवडून बाजूला काढतो. मग प्रत्येकाला विचारतो, तू कितवा? आणि उत्तर येतं ते निवडलेल्यांतला कितवा याचं. मूळ झाडात, आपल्या भावंडांमध्ये, म्हणजे बाकीच्या बिंदूंमध्ये, कितवा, हे विचारायचं तर त्याच्या आधी जन्मलेली सगळी भावंडं मोजावी लागतात, बंद पडलेलीसुद्धा. दोन्ही प्रश्न लिहायला जवळजवळ सारखेच दिसतात. बहुतेक रुग्णांचे बंद बिंदू रांगेच्या शेवटी, दाराजवळ असतात. शेवटची पानं रिकामी असली तर कसंही मोजा, उत्तर एकच येतं. म्हणून ही चूक इतके दिवस कुणाला दिसली नाही. तृप्तीची रिकामी पानं सुरुवातीलाच होती. त्यामुळे तिचा प्रत्येक बिंदू स्वतःला खऱ्यापेक्षा आधीचा, म्हणजे जास्त आतला, समजत होता. जाड स्वर बारीक स्वरांच्या जागेवर वाढला जात होता, आणि सगळ्यात बारीक स्वरांना वाली कुणीच उरला नव्हता.

"म्हणजे शिंजीर," तृप्ती म्हणाली.

"हो. आणि कुकर."

आणखी काही रुग्णांचे नकाशे तिने तपासले होते. चौघांच्या बाबतीत थोडंफार असंच झालं होतं. त्यातले एक आजोबा यंत्र काढून कपाटात ठेवून बसले होते. त्यांना सगळी माणसं किंचाळतात असं वाटे. चूक दुरुस्त करणं कठीण नव्हतं. पण पुढचं जुलेखाने तेवढ्याच स्पष्टपणे सांगितलं. तृप्तीचा मेंदू सरकलेल्या आवाजांना सरावला होता. नकाशा बदलला की काही महिने बोलणं पुन्हा गिचमिड वाटेल. तो दुसऱ्यांदा तितक्याच लवकर शिकेल, याची खात्री नाही. आहे तसंच ठेवायचं असेल तर तसंही ठेवता येईल. शिंजीर तेवढे सोडून द्यावे लागतील. निर्णय तुमचा.

विक्रांत म्हणाला, की त्याच्या आवाजापायी तिने हातचं घालवू नये. तो मनापासून बोलत होता.

जुलेखा गेल्यावर शलाका आईजवळ आली. तिला कोइमतूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, पावसाळ्यानंतर जायचं होतं. ती म्हणाली, "आई, नको करू दुरुस्त."

तृप्तीला वाटलं, पोरगी आईच्या त्रासाच्या काळजीने म्हणतेय. तसं नव्हतं. शलाका बराच वेळ कुंडीतली माती उकरत राहिली आणि मग एकेक सांगू लागली. तिचा आवाज चिमणीसारखा अजिबात नाही. तो जाड आहे, घोगरा आहे. शाळेत असताना घरी फोन उचलला की लोक 'बोल बाळा, बाबांना दे' म्हणण्याऐवजी 'कोण साहेब बोलताय' म्हणत. स्नेहसंमेलनात तिला दर वर्षी राक्षसाचं काम मिळे. ती वर्गात बोलायचीच बंद झाली होती. आणि मग घरी आईला ऐकू येऊ लागलं, आणि आई सगळ्यांना सांगू लागली, की हिचा आवाज नाजूक आहे. तो खोटा आहे हे तिला माहीत होतं. पण जगात एका माणसाला तरी तो तसा ऐकू येतो, हे तिला फार बरं वाटत होतं.

लेकीचा तो किणकिणता आवाज तृप्तीलाही सोडवत नव्हता. सतरा वर्षांनी हाती आलेली तेवढी एकच गोष्ट होती.

"तू जन्मलीस तेव्हापासून मी तुला आवाजावाचूनच ओळखत आलेय," ती शेवटी म्हणाली. "आता आवाज कसा निघाला म्हणून मी काय नव्याने ठरवणार? पण तू कोइमतूरहून फोन करशील, तेव्हा पलीकडे तूच असायला हवीस. दुसरी कुणी नको."

शलाका पुन्हा कुंडीतली माती उकरू लागली.

दुरुस्तीच्या दिवशी ती पुण्याला बरोबर आली, पण दवाखान्यात आत आली नाही. बाहेर बाकावर बसून राहिली. आत नेर्लेकर होत्या, जुलेखा होती. नवा तक्ता यंत्रात भरला गेला. क्षणभर पूर्वीसारखी शांतता पसरली. मग पंख्याची घरघर आली, खालच्या अंगाची, भरलेली. तिने विक्रांतकडे बघितलं. तो म्हणाला, "गाडी... सावलीत लावायला हवी होती."

मध्येच थांबला, तोही नेमका पूर्वीसारखा. तृप्तीने डोळे मिटले. परभणीहून येणारा फोन असायचा, ती गच्चीवर जाऊन उचलायची, तोच आवाज होता. शब्दांच्या कडा अजून धूसर होत्या, पण आवाज जागेवर होता. तिने जुलेखाचे दोन्ही हात हातात घेतले. तिला पुष्कळ म्हणायचं होतं. पण तिने नुसतंच विचारलं, की ते आजोबा येणार आहेत का. जुलेखा म्हणाली, ते परवा येणार आहेत, पहिल्यांदा नाहीच म्हणत होते, पण तुमचं सांगितलं तेव्हा तयार झाले. नेर्लेकर म्हणाल्या, की आठवणीबद्दल मी तुम्हाला बोलले ते मागे घेते. तृप्तीने त्यांचेही आभार मानले. जुलेखाला घेऊन त्याच आल्या होत्या.

परतीच्या वाटेवर शलाका मागच्या सीटवर मुकाट होती. काही विचारलं तर मानेनेच उत्तर देत होती. तृप्तीने आग्रह केला नाही. पेठ नाक्याला विक्रांतने रसाच्या गुऱ्हाळापाशी गाडी थांबवली. तृप्ती रस्त्याकडे तोंड करून बाकावर बसली. ट्रकचे आवाज, चरकाच्या घुंगरांचे आवाज, सगळं नवं आणि गोंधळाचं होतं, आणि ती एकेक सुटं करून बघत होती.

इतक्यात पाठीमागून आवाज आला, "बर्फ नको काका, आणि एकात आलं जरा जास्त घाला."

तृप्ती ताडकन उठून मागे वळली. तिची नजर गर्दीत तिच्या आईला शोधत होती.

तिची आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. तृप्ती बहिरी झाली त्यानंतर आई नऊ वर्षं होती, रोज येऊन बोलायची, शलाकाला तिनेच वाढवलं. पण तृप्तीने त्या काळात फक्त तिचे ओठ वाचले. शेवटच्या दिवसांत ओठही नीट हलत नव्हते. तो घोगरा, जरा घासून येणारा, हुकूम सोडल्यासारखा आणि तरीही मायेचा आवाज ती हळूहळू विसरली होती. विसरलोय हेही तिच्या ध्यानात नव्हतं. आणि आता तो रसवाल्याशी बोलत होता.

समोर शलाका उभी होती, दोन्ही हातांत ग्लास घेऊन. तृप्तीचा चेहरा बघून तिचा चेहरा उतरला.

"इतका वाईट आहे?" तिने विचारलं.

तृप्तीने विक्रांतकडे बघितलं. तो मान डोलवत होता.

"मला केव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "नववीत होती तेव्हापासून. अगदी आईंचा आवाज. पण तुला... सांगून कसा कळला असता?"

मग तृप्तीने शलाकाला जवळ बसवून सांगितलं, तो आवाज कुणाचा आहे ते. शलाकाला आजी आठवत होती, पण आठ वर्षांच्या मुलीला आठवते तेवढीच. आवाज जाड असल्याचं तिच्या लक्षात नव्हतं, आजीचा आवाज आजीसारखाच असतो असं तिला वाटे. बाजारात आजीने हाक मारली की भाजीवाले वजन पुन्हा करून दाखवत, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती हसली. मग ग्लास बाजूला ठेवून रडली, आणि नंतर दोन्ही एकदमच करू लागली.

तृप्तीने तिथूनच जुलेखाला फोन लावला. तिला एवढंच सांगायचं होतं, की तू एक आवाज दुरुस्त केलास आणि मला दोन मिळाले. पलीकडून जुलेखा काय म्हणाली ते तिला नीट समजलं नाही. शब्द अजून गिचमिड होत होते. तिने फोन शलाकाकडे दिला आणि शलाकाने तो कानाला लावून, सगळ्या गुऱ्हाळाला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात, आईच्या वतीने आभार मानले.

गाडी निघताना तृप्ती मागच्या सीटवर, लेकीशेजारी जाऊन बसली.

"बोल," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. कोइमतूरचं सांग."

शलाकाने वसतिगृहापासून सुरुवात केली. सांगली येईपर्यंत निम्मंही समजलं नव्हतं, आणि तृप्तीने तिला एकदाही थांबवलं नाही.